मिठाचं बटर

गोमती नगरच्या दुकानात बिलासाठी रांग होती. पुढून मराठी बोलणं कानावर आलं, तशा अरुणाबाई दोन पावलं सरकल्याच. लखनौत एवढंही नशिबात रोज नसतं. पुढे एक आई होती आणि तिची कॉलेजातली मुलगी.

"दीप्ती, हे बिनमिठाचं परत ठेव. मिठाचं घे."

"मम्मी, नानखटाई में अनसॉल्टेड ही डालते हैं."

"तुझ्या नानखटाईचं राहू दे. पप्पांचं बघ. दोन वर्षं अळणी खाऊन त्यांच्या तोंडाची चवच गेलीय."

"हाँ."

"आता डॉक्टरच म्हणाले ना, मागतील ते द्या. पथ्य संपलं."

"हाँ, मम्मी."

"डायलिसिसलाही आणू नका म्हणाले. तुलाच आत बोलावून सांगितलं ना?"

"मुझे ही बताया."

"मग तोंड पाडून काय उभी आहेस? मी तर सकाळी बुद्धवंदना घेताना रडलेच. म्हटलं, सुटलो एकदाचे."

मुलगी गेली आणि बटर बदलून आली. 'तुम्ही मूळच्या कुठल्या?' हा अरुणाबाईंच्या ओठांवर आलेला प्रश्न तिथेच राहिला.

"अगं, दोन कशाला आणलेस?"

"एक केक के लिए."

"केक पुढच्या महिन्यात कर, त्यांच्या वाढदिवसाला. तेव्हा ताजं बटर आणू की."

"नहीं मम्मी. केक भी आज ही बना देती हूँ."