ताप गेला, दमा ठेवून गेला

माहं माहेर सावनेरकडलं, कोळशाच्या खाणीच्या जरा पुढे एक बारकं गाव आहे तिथलं. नाव शेवंता. बाप खाणीत कामाले, माय दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाये. छप्पन साली दीक्षा झाली तवा बापानं मले खांद्यावर बसवून नागपूरले आणलं होतं, माय पांढरं लुगडं नेसून मागं मागं, अन् तेवढी माणसं मी जलमात पाहिली नव्हती, मले वाटलं सारं जगच आलं इथं. मंग लग्न झालं तेही नागपुरातच. नवरा इतवारीत हातठेला ओढे, कापडाच्या गठाणी, अन् मी रेजा. रेजा समजलं ना ताई, बांधकामावर घमेलं वाहणारी बाई. धरमपेठेतले ते मोठाले बंगले पाहता ना तुम्ही, त्यातल्या कितीकांचा गारा माह्या डोक्यावरून वर गेला. ठेकेदार म्हणे शेवंता बाई नाही, बैल आहे, अन् मले त्याचा राग नाही ये, मले आवडे ते. पोट्टी पोटात होती तवाही मी फळीवरून चढत उतरत होती. बिमारी म्हणजे काय मले माहीतच नाही.

म्हणून तर सांगून राहिली, काय सांगू तुमाले, अजून इश्वास बसत नाही.

बांगलादेशची लढाई झाली ना, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वस्तीत तापाची साथ आली. घरोघरी माणसं पडलेली. आधी सासू पडली, मंग नवरा, मंग मी. अंग मोडून आलं, नाक गळे, घसा असा की पाणी गिळलं तरी काटे टोचत. पण सारेच पडले अन् सारेच उठले, सासू म्हातारी असून उठली, मीही उठली. खोकला तेवढा राहिला. म्हणलं जाईल, ताप गेला तसा खोकलाही जाईल, अन् कामावर गेली.

चार-सहा दिवस निघाले असतील. सकाळची वेळ, ऊन चांगलं पडलेलं, डोक्यावर भरलेलं घमेलं घेऊन मी फळीवरून वर चालली, अन् अर्ध्यावर माहा श्वासच अडला. म्हणजे कसा, की आत जाये पण बाहेर निघेना. छातीवर कोणी जात्याची तळी ठेवल्यावानी. अन् आतून आवाज, पिपाणी वाजवते ना पोट्टे जत्रेत, तसा बारीक आवाज, मले वाटलं खाली कोणी वाजवून राहिलं, मंग समजलं हे तर माह्याच छातीतून येऊन राहिलं. घमेलं सुटलं हातातून. नशीब खाली कोणी नव्हतं. मिस्त्रीनं धरून वाळूवर बसवलं, काय झालं वं शेवंता, काय झालं, विचारून राहिला, अन् मले एक शब्द बोलता येईना, एक शब्द नाही ताई, मी नुसती त्याच्याकडे पाहून राहिली. जिनं कधी कोणाचं ऐकून घेतलं नाही ती बाई मुकी झाली.

घरी आणलं तर वस्ती गोळा. एक शेजारीण म्हणली बाहेरचं लागलं आहे, उतारा टाका. मामाजी, म्हणजे माहे सासरे, तिच्यावर कडाडले, ते सारं आम्ही सोडून आलो बाई, ते नाव इथं काढू नको. पण सासू गप होती. तिचा सख्खा भाऊ टीबीनं गेला होता, खोकून खोकून गेला, तिनं ते डोयानं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं माही थाळी वेगळी केली, गिलास वेगळा केला.

अन् मंग ते झालं. सुजाता माही तवा अडीच वर्षांची होती, नुकती बोबडं बोलाले लागली होती. मी नळावरून आली, हळूहळू, दर दहा पावलावर थांबत, अन् पाहते तर पोट्टी नाही. तिची झबली नाही. म्हणलं सुजी कुठं आहे, तर सासू चुलीकडे तोंड करून म्हणली, तिले सावनेरले पाठवली, तिच्या आत्याकडे, तुह्या खोकल्यात ठेवू का तिले. नवऱ्यानं नेली होती. मले न सांगता, बसमध्ये बसवून. मी रडली नाही. रडाले श्वास लागते ताई, तो कुठून आणू.

मामाजीच मले मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. बाई डॉक्टर होती. छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली, चार दिवसांनी बोलावलं अन् म्हणली, टीबी नाही, दमा आहे. मी म्हणलं बाई, दमा तर लहानपणचा राहते नाहीतर म्हातारपणचा, मले काहून होईल, मी तर घमेली वाहते. ती हसली नाही. म्हणली, मोठ्या माणसाले पण होते, सर्दी-तापाची साथ येऊन गेली की काहींच्या श्वासाच्या नळ्या आतून सुजलेल्या राहते, अन् धूळ, धूर, गारवा लागला की आवळून येते, कोणाचं महिना-दोन महिन्यात जाते, कोणाचं घर करून राहते, तुझं कसं ते आज सांगता येणार नाही. मी विचारलं, लहान पोट्टी आहे माही, लागते का दुसऱ्याले. म्हणली, दमा लागत नाही, पोरीले जवळ घे खुशाल. सिमेंट सोड म्हणली, चूल बाहेर मांड म्हणली, अन् बरं वाटलं तरी मी सांगेपर्यंत गोळ्या सोडू नको. त्या गोळ्यांनी हात असे थरथर कापत की चहा सांडे, पण श्वास बाहेर निघाले लागला.

घरी येऊन सांगितलं तर कोणाले खरं वाटेना. सासू म्हणली, डॉक्टर लोकं तोंडावर थोडीच सांगते. दीड-दोन महिन्यांनी थोडं बरं वाटलं तशी मी एकटीच सावनेरची बस धरली.

ननंदबाईले लेकरू नव्हतं. लग्नाले बारा-पंधरा वर्षं झाली होती, पण नव्हतं. मी अंगणात पाय ठेवला तर सुजी नवा फराक घालून, दोन येण्या घालून खेळून राहिली. मी हाक मारली. तिनं पाहिलं मले, अन् पळत जाऊन आत्याच्या लुगड्यामागं लपली, अन् म्हणली, आई, ती कोण आहे.

आई म्हणली ती तिले. मले वाटलं फळीवर पुन्हा श्वास अडला माहा.

ननंद म्हणली, शेवंता, तू दूर उभी राहा, लेकरावर दया कर. मी म्हणलं बाई, मले टीबी नाही. ती म्हणली साऱ्याच असं म्हणते. मी म्हणलं मंग चला तुम्ही, माह्यासंगं चला, त्या डॉक्टरीणबाईच्या तोंडून ऐका, ती टीबी म्हणली तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही. मंग दुसऱ्या दिवशी आली, पोट्टीले कडेवर घेऊन. बसमध्ये मी वेगळ्या बाकावर बसली.

डॉक्टरीणबाईनं तिले फोटो उजेडात धरून दाखवला, सारं समजावलं. ननंद ते ऐकून बाहेर आली अन् दवाखान्याच्या पायऱ्यांवर मटकन बसली, अन् रडाले लागली, लोकं पाहून राहिले. मी म्हणलं बाई, काहून रडता, आनंदाची गोष्ट आहे. तर ती माह्याकडे पाहून म्हणली, मले वाटलं तू जगत नाही, शेवंता, मी तिले माही समजून बसली होती.

असं तोंडावर म्हणली ताई. माह्या मरणाची वाट पाहून राहिली होती ती, अन् पोट्टीचे केस विंचरून राहिली होती. शिवी द्याले तोंड उघडलं अन् शिवी निघालीच नाही. तिनंच मंग पोट्टी माह्या मांडीवर ठेवली. सुजी घरापर्यंत आत्यासाठी आई पाहिजे, आई पाहिजे करून रडली, लाथा झाडल्या तिनं. मी लाथा खाल्ल्या. महिनाभर लागला तिले मले आई म्हणाले. अन् पुढे दर उन्हाळ्यात मीच तिले सावनेरले नेऊन सोडत होती, ननंद वारली त्या वर्षापर्यंत.

रेजाकाम सुटलं ते सुटलंच. आता धरमपेठेत दोन घरी सैपाक करते, तिथं गॅस आहे, धूर नाही. दमा गेला नाही. ज्याचा जाते त्याचा जाते, माहा राहिला. सर्दी झाली की छाती धरते. आता तर तोंडात मारायचा फवारा निघाला, लोकं म्हणते त्याची लत लागते, कलेजा कमजोर होते. डॉक्टर म्हणते चष्मा लावला तर डोयाले लत लागते का. मी घेते बापा, लोकं काही माह्या बदल्यात श्वास घेत नाही.

आता सुजी अकरावीले आहे. औंदाच्या हिवाळ्यात तिले असाच ताप आला, नाक, घसा, सारं तसंच. ताप उतरला, ती हसून खेळून राहिली, पण माहा जीव थाऱ्यावर नाही. रोज दुपारी कॉलेजातून आली की तिच्या पाठीले कान लावून बसे मी. ती चिडे, आई, काय ऐकून राहिली वं. मी म्हणो, गप राहा, श्वास घे. काही वाजत नव्हतं ताई. नुसती हवा येऊन जाऊन राहिली होती, तिले पत्ताही नाही की येऊन राहिली म्हणून. असंच राहो तिचं. तुमचंही असंच राहो, साऱ्यांच्या लेकरांचं असंच राहो.