चादरीखालचा श्वास

...नाही, पण मी म्हणतो, मेलेल्या माणसानं तब्येत सांभाळायची ती किती? तुम्हाला सांगतो, गेली नऊ वर्षं मी एकाच नाटकात मरतो आहे. पहिल्या अंकाच्या मध्यावर प्राण सोडायचा, क्षणभर अंधार, मग डोक्यावरून चादर घेऊन बावीस मिनिटं पडून राहायचं. तुम्हाला वाटेल, आरामाचं काम... अहो, पोटरीत गोळा आला तरी पाय हलवायचा नाही, मनातल्या मनात नामस्मरण करायचं आणि श्वास असा घ्यायचा, की तो देणाऱ्यालाही कळू नये!

जमत होतं हो. पण डॉक्टर म्हणाले, श्वास फार उथळ आहे, नटानं देह जपायला हवा. झालं, आमच्या सौभाग्यवतींनी कारभार हाती घेतला. पहाटे चालणं, दिवेलागणीला जेवण आणि दोन्ही वेळा पोट फुगवून दीर्घ श्वास. मी म्हटलं, अगं, देह आज ना उद्या इथंच ठेवून जायचा आहे.

"ठेवायचाच ना? मग चांगल्या स्थितीत ठेवा."

निघालो पहाटे चालायला.

तीन महिन्यांत प्रकृती अशी सुधारली, की चादर भात्यासारखी वर-खाली व्हायला लागली. पहिल्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "रडू नकोस गं, आहेत अजून." सारं सभागृह हसलं. नाटकातली माझी मुलगी हंबरडा फोडून अंगावर पडली आणि कानाशी पुटपुटली, "बाबा, मरा ना नीट." मेलेल्या माणसानं तब्येत सांभाळायची ती किती?

दिग्दर्शकानं बजावलं, पुन्हा असं झालं तर दुसरा बाबा आणीन. नऊ वर्षं जिवापाड जपलेलं मरण दुसऱ्याच्या हाती द्यायचं? पुढच्या प्रयोगाला श्वास दाबून दाबून घेतला, तर बाराव्या मिनिटाला खोकला आला... शेवटी हाता-पाया पडलो, तेव्हा तोड निघाली. मरायचं मी, अंधारात उठून जायचं आणि चादरीखाली लोड ठेवायचा.

परवा दुपारी तसा पहिला प्रयोग झाला. सौभाग्यवती बघायला आल्या होत्या, त्यांना लोडाचं ठाऊक नव्हतं. मी विंगेत उभा राहून नेमानं दीर्घ श्वास घेत होतो. घरी आलो, तर यांचे डोळे सुजलेले.

"नऊ वर्षं पाहते आहे," म्हणाल्या, "पण तुमचं इतकं सुंदर काम कधी झालं नव्हतं."

म्हटलं, सगळी तुझ्या व्यायामाची कृपा.