पिवळा बाण

"बोटामागून ये, हरवणार नाहीस," अक्षरं गिरवून घेताना माझी आई म्हणायची. बसथांब्यावर शेजारच्या बाकावर एक शिंपीणबाई आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेली, सुटी संपवून पुन्हा परगावी निघालेली त्यांची लेक बोलू लागल्या, तेव्हा तो आवाज पुन्हा कानी आला.

"आई, मी तिकडून माझी स्क्रीन दाखवते, तेव्हा माझ्या माउसचा बाण दिसतो का तुला?"

"कुठला दिसायला! परवा बाण समजून स्क्रीनवरच्या माशीच्या मागे गेले, आणि बाही पाठीला जोडून बसले."

"थांब, मोठा करते. रंग कुठला देऊ?"

"पिवळाधमक दे."

"हा बघ. आता माशीची काय बिशाद!"

"अगं बाई, केवढा गोड!"

"पण कॉम्प्युटरवर कपड्यांचे नमुने काढायला शिकलीस की आता. यापुढे रोज शिकवणीला नको ना बसायला?"

"गळा कुठे जमतोय अजून?"

"गळा बेतायला मला तूच शिकवलंस, आई."

"ते कापडावर. कॉम्प्युटरवर नाही."

"मग कालचा तो सुरेख गळा कुणी काढला?"

बस येऊन लागली. बाईंनी लेकीची पिशवी उचलली, पण हातातून सोडली नाही.

"जमतं गं मला. सगळं कधीचंच जमलंय. पण तुझा बाण फिरायला लागला, की वाटतं, तू घरात वावरतेयस."