शेजारच्या दाताचं भलं

...आणि वर हसून मलाच सांगतात, "काका, शेजारचा दात अगदी ठणठणीत आहे हं!" अहो, मी शेजारच्या दाताची चौकशी केली होती का? मी माझी दाढ घेऊन गेलो होतो! सहा महिन्यांपूर्वी भरलेली, तिच्यात आज खड्डा, गार पाणी लागलं की कळ थेट कानात... आणि डॉक्टरबाई आरसा घालून बघतात कुठे? शेजारी!

तुम्हाला सांगतो, मी शिंपी. चाळीस वर्षं मशीनवर. माझा डावा सुळा म्हणजे निम्मं दुकान! शिवण संपली की दोरा सुळ्याखाली धरायचा, कट्... संपलं काम. तर सहा महिन्यांपूर्वी त्याच्या मागची छोटी दाढ किडली, आणि दाढ टेकते तिथे सुळ्यावरही पांढरा डाग, किडीची सुरुवात! दाढ गेली तर गेली हो, सुळा गेला तर मी काय करू? डॉक्टरबाई म्हणाल्या, "असं सिमेंट भरते, की त्यातून फ्लोराइड झिरपत राहतं. शेजारच्या दाताची कीड थोपवायला मदत होते. मदत हं काका, हमी नाही! फ्लोराइडच्या पेस्टनं दोन वेळा घासा, म्हणजे सिमेंट ते पुन्हा थोडं शोषून घेईल. पण हे झिजतं, जपा." आता तोंडात त्यांची दोन बोटं, एक नळी, कापूस... मी काय बोलणार? "आँ" म्हटलं. त्यांना वाटलं, समजलं!

आणि मला काय समजलं? सुळ्याला जपायचं! म्हणून दोरा तोडायला लागलो कुठे? दाढेवर! नव्या कोऱ्या सिमेंटवर, दिवसातून शंभर वेळा! बायको ओरडायची, "अहो, कात्री कशाला असते?" मी म्हणायचो, तू गप्प बस, दगड भरलाय दगड! कसला दगड... खडू निघाला!

आज बघतो तर दाढ पोखरलेली आणि सुळ्याचा डाग? होता तिथेच थांबलेला! म्हणजे झिजायचं माझ्या दाढेनं, कळ सोसायची मी, आणि भलं कुणाचं? शेजाऱ्याचं! चीड येते हो! दुकानात तरी दुसरं काय चाललंय? शेजारचा शिंपी रोज दारात उभा, "दादा, टाचण्या आहेत? दादा, तेलाची बुधली देता?" मी आपला, ने बाबा! तिथे तेच, आता तोंडातही तेच... भलं कुणाचं? शेजाऱ्याचं!

तेवढ्यात डॉक्टरबाई विचारतात, "या वेळी दुसरं भरू का, घट्ट? जास्त टिकेल. पण त्यातून शेजाऱ्याला काही मिळणार नाही."

"भरा! नका देऊ कुणाला काही!" असं ओरडणारच होतो... पण जीभ गेली सुळ्याकडे. गुळगुळीत. शाबूत. चाळीस वर्षं माझ्याबरोबर राबलाय तो... कसं म्हणू? हळूच म्हटलं, "झिरपणारंच भरा."

"मग यापुढे दोरा दातानं तोडायचा नाही. दोरा कापायची छोटी कात्री आहे ना तुमच्याकडे?"

आहेत की! एक सोडून दोन आहेत, चांगल्या धारेच्या...

दोन्ही शेजाऱ्याकडे.