मर्वचा सूर

हॅलो?... हॅलो? थेल्मा! अगं, नोरीनच बोलतेय. मघापासून फोन लावतेय तुला. म्हटलं ओढ्याच्या पुलावर असशील, तिथे रेंज मरते...

काय? अजून घराच्या फाटकातच?... गाडीत बसून?... अर्धा तास! अगं बाई, त्या लॅमिंग्टन केकवरचं चॉकलेट वितळेल ना!

हो, हो... अगं ऐक ना. आपले गाणारे आलेत सगळे. लोकरीची शेड झाडूनपुसून लख्ख केलीय, मेंढ्यांचा वास तेवढा जात नाही. आणि दारातल्या निलगिरीवर मॅगपाय पक्ष्याचं घरटं. जो येतो त्याच्या टाळक्यावर झडप! आपले पाद्री डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा घालून आले... हसलीस! नाही कशी, ऐकलं मी.

नाही गं... असं नको म्हणूस. रडलीस तर रडलीस. चार महिने झाले मर्वसारखा नवरा जाऊन, कोण काय म्हणणारेय तुला?... हो, त्याची जागा मोकळीच आहे. खांबाजवळची, सूर द्यायला उभा राहायचा ती. मी सांगितलंही नव्हतं, कोणी उभंच राहिलं नाही तिथे.

काय?... 'तो नाही, आता तरी तुमचं गाणं खऱ्या सुरात होईल'?

थेल्मा, गुरुवारी तालमीला तू नव्हतीस. मर्वचा नादकाटा एरलने गुडघ्यावर आपटला, कानाला लावला आणि बरोब्बर सूर दिला. दुसऱ्या कडव्याला सगळे चिरकले! बाहेर मेंढ्या ओरडायला लागल्या. एकाचाही आवाज वर पोचेना. सवयच नाही गं. एकोणीस वर्षं आपण मर्वच्या खालच्या सुरात गातोय.

हो, 'बहिरा मर्व'. मीही म्हणायचे... थांब, मला बोलू दे. शपथ घातली होती त्याने, पण आता माणूसच नाही, तर शपथ कुणासाठी पाळू?

त्याचा कान ठणठणीत होता.

... अगं, मोज ना. एकोणीस वर्षांपूर्वी काय झालं?... हो. तुझ्या घशाचं ऑपरेशन. वरचा आवाज गेला तुझा. गाणं सोडते म्हणालीस. त्याच वसंतात मर्वचा कान 'बिघडला'. मी गाठलंच त्याला एकदा, कुंपणापाशी. तर म्हणतो, 'नोरीन, सगळं गाव जरासं खाली उतरलं तर काय बिघडलं? तिला वर चढायला नको.'

... थेल्मा?... आहेस ना?... बरं. रड तू. मी आहे इथे.

... हो गं, सगळ्यांची थट्टा हसत ऐकली. कधी ब्र काढला नाही... चिडू नकोस त्याच्यावर. म्हणजे चीड, पण इथे येऊन चीड!

हे बघ, तीनला सुरू करायचंय आणि आमच्याकडे सूर नाही. त्या काट्यात नाहीच तो. तुझ्या कानात आहे. स्वयंपाकघरात दिवसभर गुणगुणायचा ना?... मग घे की. फोनवरच घे... हळूच घे गं, मैफल नाहीये... थांब, स्पीकर लावते. एऽ, गप्प बसा रे सगळे! एरल, ती खदखदणारी चहाची टाकी बंद कर!

...

हाच... हाच गं बाई... ऐकतेस? घेतला सगळ्यांनी. थांबू नकोस, चालू ठेव...

हे काय घरघरतंय?... गाडी? सुरू केलीस? अगं, आधी डोळे पूस! फोन बाजूला ठेव, सावकाश ये... गुणगुणत ये... आवाज तुटतोय तुझा... थेल्मा?... हॅलो?... हॅलो?

गेला फोन.

अरे, तोंडं काय पाडताय? पुलावर आली ती! कोणी सुरू करायचं नाही अजून. आणि तो सूर सोडू नका, आल्यावर तिला लागेल.