गोळीबी त्याच मुळीची

आवं बसा की पाव्हनं, उंबऱ्यात काय हुबं ऱ्हाता — भोरापासनं चालत आलाय, पानी तरी घ्या. अंबू झोपलीया आत. भनीला माहेरी न्यायला आलाय तर न्या की, म्या सासू आसले तरी कुठं न्हाई म्हनते — पर झोपल्या मानसाला उठवू नये. काय? कवापासनं? — आता कवापासनं म्हंजे, झोप लागली की लागली, म्या काय मोजत बसते व्हय.

तुमाला काय ठावं, तिचं पोर गेल्यापासनं काय सोसलं ह्या घरानं. संस्थान मोडलं त्या साली सून करून आनली, गुनाची व्हती, मंग हे आसं येड लागलं. चारचार मानसं लागायची धरायला. येक डाव इळा घिऊन माज्या म्होरं हुबी ऱ्हायली — नुसती बघत व्हती. म्या भ्याले, खरं सांगते, अजून भ्या वाटतं मला तिचं. मंग माजा ल्योक सावळा तिला घिऊन गेला पुन्याला, डाक्तरानं बारक्या गोळ्या दिल्या, नवीनच निघाल्यात म्हनं, सकाळ-सांज येकयेक. पर चार दिसांत गुन येतो व्हय? म्हनून वरच्या वाडीच्या रखमाजी धनगराकडनं येडावरची मुळी आनली — लई कडू, सहाणंवर उगाळून दुधातनं द्यायची, हरबऱ्यायेवढी. व्हय, दोनी चालू ठिवलं. का ठिवू नये? चोरून न्हाई दिलं काय म्या — म्हैन्यानं पुन्याला गेलो तवा सवता मुळी पदरातनं काढून डाक्तराम्होरं ठिवली. त्यानं वास घेतला, मोडून बघितली, अन् म्हनला, बाई, आमची गोळीबी ह्याच मुळीची करत्यात. म्होरं लई बोलला — दोनी मिळून देऊ नगा, नाडी मंद पडंल, मानूस उठायचं न्हाई, आसं कायबाय — पर म्या म्हनलं, येवढा शिकलेला मानूस रखमाजीच्या मुळीला मान देतो, मंग आपुन हरबऱ्यायेवढीच का द्यायची? तवापासनं बोटाच्या पेरायेवढी देते. अन् आला की गुन. नाक चोंदतं तिचं, भिताड धरून चालती, हातपाय गार पडत्यात — पर हातात इळा न्हाई. सावळा म्हनला, आय, ही लई गार लागती. म्या म्हनलं, तापट व्हती, थंडावली. घर कसं गप झालंय बघा.

तसं नगा बघू माज्याकडं. काल तुमचा सांगावा आला, म्हनलं भाऊ यायचाय, रडारड नगं, म्हनून सांजंला जरा जास्तच उगाळली. सकाळी गोळी जिभंवर ठिवली, तर तशीच ऱ्हायली. पानी घातलं, ते गालाकडनं बाहीर आलं. म्हनलं, झोपू दे. सावळा तवर रानात गेल्याला, त्याला कशाला हाक मारा.

जावा, बघा, तुमचीच भन हाय. दार नुसतं लोटलंया. — न्हाई, म्या न्हाई येत आत. सकाळपासनं गेलीच न्हाई म्या.