चार बोल्टांपैकी एक

सन्माननीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला मन धजावत नाही त्या आपल्या मुख्य प्रशिक्षिका बाई, आणि समोर बसलेल्या माझ्या वैमानिक मित्रमैत्रिणींनो,

मी या फ्लाइंग क्लबचा मेकॅनिक. माझं बोलणं इंजिनाशी. माईकची सवय नाही. तरी एक प्रसंग सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही.

छोट्या विमानाचं इंजिन जाड रबरांवर बसवून चार बोल्टांनी आवळलेलं असतं. हादरे ते रबर गिळतं. म्हातारं झालं की बदलायचं, नेहमीचंच काम. त्या सकाळी आम्ही इंजिन चेनपुलीला टांगलं, वरचा बोल्ट ओढला आणि अर्धाच हातात आला! उरलेला आतच. रबराचा तर भुगा झाला होता. मंडळी, माझ्या पायाखालची जमीन सरकली. का? आदल्या संध्याकाळी हेच विमान घेऊन बाईंची लेक एकटी उडाली होती. आयुष्यात पहिल्यांदा.

बाई शेजारीच उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. लेकीला हाक मारली आणि तो तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

"अगं आई, काल तर काहीच जाणवलं नाही!"

"मला तरी कुठे जाणवलं? मी खाली उभी राहून टाळ्या वाजवत होते गं."

मग माझ्याकडे वळल्या. "दुसऱ्या विमानाची रबरंही याच वयाची ना? आत घ्या ते."

अध्यक्षसाहेब, आज हसताय, पण त्या दिवशी केवढे तापला होतात! "बाहेर माणसं ताटकळलीत, आणि एका बोल्टापायी सगळं बंद?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "दुपारी त्यात तुमची नात बसणार आहे ना? तिला हा तुकडा दाखवून या."

आम्ही दुसरं विमान उघडलं. त्याचाही बोल्ट चिरलेला! साहेब तिथेच तेलाच्या डब्यावर मटकन बसले.

नवी रबरं, नवे बोल्ट बसले. आता पहिलं उड्डाण कोण करणार? लेक पुढे झाली. "आधी मी," बाई म्हणाल्या आणि मला शेजारी बसवलं. वर असताना त्यांचा हात जराही हलला नाही. उतरल्यावर मात्र त्यांना स्वतःचा पट्टा सोडवता येईना. पट्टा मी सोडवला. तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.

बाई, हे तुम्हाला न विचारता सांगितलं. अजूनही आठवलं की अंगावर काटा येतो, म्हणून सांगितलं. ती लेक आज वैमानिकाच्या गणवेशात पहिल्या रांगेत बसली आहे. यापेक्षा मोठा सत्कार आम्ही काय करणार?

मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही अधिक-उणं झालं असेल, तर आपलाच माणूस म्हणून पोटात घाला.